मिसफीड फॉल्ट पुन्हा पुन्हा येतोय? प्रॉक्सी बदलण्याआधी हे बघा

लक्षण असं असतं. प्रोग्रेसिव्ह टूल (पट्टी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत पार्ट बनवणारा साचा) लावलेला प्रेस नीट चालू असतो, मध्येच थांबतो आणि स्क्रीनवर ‘मिसफीड’, म्हणजे पट्टी नीट सरकली नाही, असं येतं. ऑपरेटर जाऊन बघतो तर पट्टी जागेवर, फीड बरोबर, कुठे काही अडकलेलं नाही. रीसेट मारला की पुन्हा चालू. वीस मिनिटांनी परत तेच. मेंटेनन्सला बोलावलं की ते प्रॉक्सी, म्हणजे समोर धातू आला की ओळखणारा सेन्सर, बदलून जातात, दोन दिवस बरं जातं आणि तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये हा फॉल्ट मी दीड महिना भोगलाय. १६० टनी प्रेस, २ मिमी जाडीची सीआर (कोल्ड-रोल्ड पोलादाची) पट्टी, ब्रॅकेटचं सहा स्टेशनचं टूल, मिनिटाला ४० स्ट्रोक. एका महिन्यात तीन प्रॉक्सी बदलले. काढलेले तिन्ही मी नंतर टेबलावर २४ व्होल्ट देऊन तपासले. तिन्ही ठणठणीत. म्हणजे आम्ही चांगले सेन्सर काढून चांगले सेन्सर लावत होतो, आणि दोन दिवस जे बरं जायचं ते नव्या प्रॉक्सीमुळे नाही, तर लावताना गॅप थोडा कमी-जास्त व्हायचा त्यामुळे. हे कळायला आम्हाला टूल मोडावं लागलं.

झालं असं, की रात्रपाळीच्या ऑपरेटरने कंटाळून एक एम१० चा नट ग्रीस लावून प्रॉक्सीच्या तोंडावर बसवला आणि वरून काळी टेप गुंडाळली. प्रॉक्सीला समोर कायम लोखंड दिसायला लागलं, पीएलसीला (प्रेस चालवणाऱ्या कंट्रोलरला) वाटलं पट्टी जागेवर आहे, फॉल्ट गायब. नऊ दिवस प्रेस सलग चालला. उत्पादन वाढलं म्हणून मीटिंगमध्ये मेंटेनन्सचं कौतुकही झालं, आणि आम्ही ते मान खाली घालून घेतलं, कारण आम्ही काय केलं हे आम्हालाच माहीत नव्हतं. दहाव्या दिवशी पट्टी खरोखर कमी सरकली. दोन पायलट (पट्टी नेमक्या जागी धरणाऱ्या पिना) आणि एक पंच (भोक पाडणारा वरचा भाग) गेला, खालच्या डायच्या इन्सर्टचा कोपरा उडाला. टूल चार दिवस टूलरूमला.

नट लावणाऱ्याला नोटीस द्यायची टूम निघाली होती. मी विरोध केला. शिफ्टमध्ये आठ-दहा वेळा, काही कारण नसताना, त्याला उठून रीसेट मारायला लावलं होतं ते आम्हीच. लांडगा आला रे आला असं रोज ओरडणाऱ्या पोराचं जे होतं तेच सेन्सरचं होतं. खोटं ओरडणारा सेन्सर एक ना एक दिवस कुणीतरी झाकणारच, आणि नेमका त्यानंतर लांडगा येतो.

तर, प्रॉक्सी खोटं का ओरडतो हे शोधायचा आमचा मार्ग खाली देतोय. क्रम आमच्या प्रेसचा आहे, तुमच्याकडे वेगळा असू शकेल.

घड्याळ नको, कॉइल बघा

सुरुवात कागदाने केली. पॅनेलला एक कागद चिकटवला आणि प्रत्येक फॉल्टची वेळ लिहायला सांगितली. आठवडाभरात कागद भरला, पण हाती काही लागेना. दुपारी जास्त येतो असं वाटावं तर दुसऱ्या दिवशी सकाळीच सहा. उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या शेडवर संशय घेतला, व्होल्टेजवर घेतला, शेजारच्या वेल्डिंग मशीनवरही घेतला.

मग तोच, नटवाला ऑपरेटर म्हणाला, “साहेब, घड्याळ कशाला बघताय? कॉइल बघा ना. कॉइल संपत आली की हा जास्त पिडतो.”

कागदावर एक रकाना वाढवला, कॉइल, म्हणजे पट्टीची गुंडाळी, किती उरली आहे त्याचा. दोन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. नव्या कॉइलवर फॉल्ट जवळपास नाही, शेवटच्या चौथाईत रांगेने.

कारण एकदा कळलं की साधं आहे. कॉइलच्या बाहेरच्या वेढ्यांचा बाक सौम्य असतो. आतल्या वेढ्यांचा घट्ट, कारण आमच्या कॉइलचा आतला व्यास ५०८ मिमीच असतो. डिकॉइलरवरून (कॉइल उलगडणाऱ्या यंत्रावरून) सुटलेली पट्टी तो बाक सोबत घेऊन येते आणि स्ट्रेटनरच्या रोलर्सनी तो काढायचा असतो. आमचा स्ट्रेटनर नवी कॉइल चढवताना एकदा लावला की कॉइल संपेपर्यंत कुणी हात लावायचं नाही. त्यामुळे शेवटी शेवटी पट्टीत बाक उरायचा. आमची मांडणी अशी, की शेवटच्या स्टेशनच्या बाहेर पट्टीचं तोंड जिथे यायला हवं तिथे खालून प्रॉक्सी. बाक असला की पट्टीचं मोकळं तोंड वर उचललं जायचं, जेमतेम अर्धा-पाऊण मिमी. फीड अचूक, पट्टी लांबीला बरोबर, फक्त प्रॉक्सीपासून जरा लांब.

अर्धा मिमीने फरक पडतो का? पडतो. कसा ते आता.

२ मिमीचा प्रॉक्सी २ मिमीवर लावू नका

आमचा प्रॉक्सी एम१२ (१२ मिमी आट्यांचा), फ्लश (धातूत तोंडापर्यंत बुडवून बसवता येणारा), लेबलवर २ मिमी, म्हणजे तेवढ्या अंतरावरून धातू ओळखणारा. मी फिलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालून गॅप मोजला तर १.९ मिमी. लावणाऱ्याने पट्टी समोर ठेवली, प्रॉक्सी पुढे ढकलला, दिवा लागला तिथे नट आवळला. दिवा लागला म्हणजे काम झालं, असं आपल्याकडे सगळेच करतात. मीही पंधरा वर्षं तेच केलं.

इंडक्टिव्ह प्रॉक्सीच्या आत फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली तारेची कॉइल असते आणि तिच्यातून तोंडासमोर एक छोटंसं चुंबकीय क्षेत्र सतत थरथरत असतं. समोर धातू आला की त्या धातूत भोवरे फिरावेत तसे प्रवाह फिरायला लागतात, ते या थरथरण्याची ताकद खातात, आणि ताकद एका पातळीखाली गेली की आउटपुट बदलतो. आता ही पातळी प्रत्येक नगात तंतोतंत सारखी नसते. प्रॉक्सींचं जे मानक आहे, आयईसी ६०९४७-५-२, ते बनवणाऱ्याला नगागणिक १० टक्के इकडेतिकडे मुभा देतं, आणि त्याच्यावर तापमान-व्होल्टेजच्या फरकासाठी आणखी १० टक्के. म्हणून ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ०.८१. लेबलवर २ मिमी असेल तर भरवशाचं अंतर १.६२ मिमी. त्याच्या पलीकडे चाललं तर नशीब.

आणि हे १.६२ सुद्धा कुणासाठी? मानकातल्या तुकड्यासाठी. एम१२ च्या २ मिमी प्रॉक्सीला तो तुकडा १२ मिमी बाय १२ मिमी, १ मिमी जाड, साध्या मऊ पोलादाचा. तुमच्या पट्टीचं तोंड प्रॉक्सीचा अर्धाच चेहरा झाकत असेल तर अंतर आणखी घटतं. धातू बदलला तरी घटतं. स्टेनलेसला अंदाजे ०.६ ते ०.८५ ने गुणा, ॲल्युमिनियमला ०.३ ते ०.४५ ने, तांब्याला त्याहून कमी. आमच्याच शॉपमध्ये एकाने पितळी टर्मिनलच्या टूलला सीआरच्या टूलवरचा प्रॉक्सी लावला होता आणि ‘पितळ दिसत नाही’ म्हणून कंपनीला शिव्या घालत बसला होता. दिसतं, पण साधारण निम्म्या अंतरावरून. सगळे धातू एकाच अंतरावरून ओळखणारे, ‘फॅक्टर १’ म्हणून विकले जाणारे प्रॉक्सीही मिळतात. महाग असतात, पण एकाच फिक्स्चरवर लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही येत असेल तर पैसे वसूल.

आम्ही गॅप १ मिमीला आणला, फिलर गेज घालून. पट्टीचं तोंड वर उचलू नये म्हणून तिथे एक छोटी गाइड लावली आणि स्ट्रेटनर कॉइलच्या मध्यावर पुन्हा लावायचं ऑपरेटरच्या कामात घातलं. आठ-दहा फॉल्टचे शिफ्टला एक-दोन झाले.

उगाच अगदी जवळही जाऊ नका. ०.३ मिमीवर लावलेला प्रॉक्सी पट्टीच्या बर्रने (कापलेल्या कडेच्या धारेने) घासतो, आणि तोंडावरचं प्लास्टिक गेलं की तेल आत शिरतं. अंतर वाढवायचंच असेल तर एम१८ चा फ्लश घ्या, तो ५ मिमीचा येतो. एम१२ मध्येच ४ मिमीचा हवा असेल तर तो फ्लश आहे की नॉन-फ्लश हे नीट विचारून घ्या. नॉन-फ्लश प्रॉक्सी धातूच्या भोकात बुडवून बसवला की तो भोकाची भिंतच पट्टी समजतो आणि कायम चालू राहतो.

तीन दिवे

उरलेल्या एक-दोन फॉल्टसाठी पुढचं. यासाठी मोठं यंत्र लागत नाही, दोन माणसं लागतात. मेन मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं, रॅमखाली (प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या भागाखाली) सेफ्टी ब्लॉक, फक्त कंट्रोलचा पुरवठा चालू. एक जण पट्टी हाताने आत-बाहेर करतो, दुसरा पॅनेलपाशी. बघायचे तीन दिवे: प्रॉक्सीवरचा एलईडी, पीएलसीच्या इनपुट कार्डावरचा, आणि स्क्रीनवरची खूण.

प्रॉक्सीचाच दिवा लागत नाही, तर गॅप, तोंडावरचा कचरा किंवा पुरवठा. प्रॉक्सीचा लागतो पण कार्डावरचा लागत नाही, तर केबल, कनेक्टर किंवा चुकीचा प्रकार. दोन्ही लागतात आणि तरी फॉल्ट येतो, तर प्रॉक्सीला हातही लावू नका, गडबड प्रोग्रॅमच्या वेळेत आहे.

चुकीच्या प्रकाराबद्दल एक सांगतो, कारण यात आमची एक आख्खी रात्र गेली आहे. स्टोअरमध्ये पीएनपी संपले होते, स्टोअरवाल्याने ‘सेम टू सेम’ म्हणून एनपीएन दिला. दिसायला तसाच, रंग तेच, तपकिरीला अधिक, निळ्याला उणे, काळा आउटपुट. प्रॉक्सीवरचा दिवा छान लागत होता. कार्डाला पत्ताच नाही. पीएनपी काळ्या तारेवर २४ व्होल्ट देतो, एनपीएन काळी तार शून्याला ओढतो, आणि आमचं कार्ड २४ व्होल्टची वाट बघत होतं. त्या दिवसापासून आमच्या रॅकवर दोन्हींचे डबे वेगळ्या रंगाचे आहेत.

केबलचं आमच्याकडे असं निघालं: बोल्स्टरच्या (प्रेसच्या ज्या पाटावर टूल बसतं त्याच्या) कडेला, क्लॅम्पखाली, केबल दरवेळी टूल बदलताना चेपली जायची. पीव्हीसीची केबल तेलात वर्षभर राहिली की काठीसारखी कडक होते आणि आतली तार एका जागी तुटते, पण टोकं एकमेकांना टेकलेली राहतात. स्थिर असताना जोडलेली, हादरा बसला की सुटलेली. मल्टिमीटरने तपासली की ‘ओके’. म्हणून दिवे बघताना केबल कनेक्टरपासून पॅनेलपर्यंत वीत-वीतभर हाताने हलवत जा. आम्हाला चौथ्या वितीत सापडली. आता पीयूआर (पॉलियुरेथेन) आवरणाची केबल आहे, आणि टूलवरचा भाग एम१२ कनेक्टरने सुटा होतो, त्यामुळे टूल उतरवताना केबल ओढली जात नाही. कनेक्टर हाताने घट्ट आवळला नाही तर आयपी६७ चा (धूळ-पाणी आत न जाण्याचा) दावा कागदावरच राहतो. कुलंट आत जातोच.

सेन्सर खरं बोलला, पण उशिरा

हा भाग आम्ही टूल मोडल्यावर पाहिला. वाचताना कंटाळा आला तरी हिशेब करा.

मिनिटाला ४० स्ट्रोक म्हणजे एका स्ट्रोकला दीड सेकंद. दीड सेकंदात क्रँक (रॅम वर-खाली करणारा दांडा) ३६० अंश फिरतो, म्हणजे सेकंदाला २४० अंश. आमच्या प्रेसचा थांबायचा वेळ, क्लच सुटून ब्रेक लागून रॅम उभा राहीपर्यंत, मोजला तर ०.२ सेकंद. तेवढ्यात क्रँक ४८ अंश पुढे जातो. रॅम सर्वात वर असताना शून्य धरला तर आमच्या टूलचे पंच १४० अंशांवर पट्टीला टेकतात. १४० वजा ४८, म्हणजे ९२. पीएलसीला आणि व्हॉल्व्हला लागणारा थोडा वेळ धरून, पट्टी आली की नाही हे ८५ अंशांच्या आत ठरलंच पाहिजे.

आमच्या प्रोग्रॅममध्ये ते ११० अंशांवर तपासलं जात होतं. ११० अधिक ४८, १५८. म्हणजे नट नसता आणि प्रॉक्सी अगदी इमानदारीने ओरडला असता, तरी पंच पट्टीत घुसूनच प्रेस थांबला असता.

११० कुठून आला? टूलची ट्रायल झाली तेव्हा प्रेस २० स्ट्रोकवर होता. तेव्हा ०.२ सेकंदात क्रँक २४ अंशच फिरायचा, ११० अधिक २४ म्हणजे १३४, ठीक. नंतर उत्पादनवाल्यांनी वेग दुप्पट केला, आणि कोन कुणी बदलला नाही. त्यांना सांगितलंच नव्हतं की वेगाचा आणि सेन्सरचा काही संबंध आहे. नोटीस द्यायचीच होती तर ती आमच्या खात्याला द्यायला हवी होती, असं मी त्या मीटिंगमध्ये म्हटलं, आणि विषय तिथेच संपला.

कोन पुढे आणायचा म्हणजे फीडही आधी संपवावं लागतं. सर्व्हो फीडरचं सेटिंग बदलून आम्ही फीड ७० अंशांना संपेल असं केलं, तपासणी ८० ला. तुमचा वेग ६० असेल तर त्याच ब्रेकला ७२ अंश लागतील आणि फीडला आणखी कमी जागा उरेल. कधीकधी उत्तर हेच असतं की हे टूल ६० वर चालवायचं नाही. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो, तेव्हा तो मोजून लिहून ठेवा, दर सहा महिन्यांनी तरी.

आणि प्रेस जुना, पिन क्लचचा असेल तर हा सगळा हिशेब लागूच नाही. एकदा पिन घुसली की फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. तिथे सेन्सर फक्त पुढचा स्ट्रोक अडवू शकतो. फीड झाल्यावर, स्ट्रोक सुटण्याआधी तपासा, तरच त्याचा उपयोग.

नट ओळखणारा प्रोग्रॅम

आमचा जुना प्रोग्रॅम एवढंच विचारायचा: ११० अंशांवर प्रॉक्सी चालू आहे का? चालू असेल तर पुढे जा. नटाने हेच उत्तर दिलं, कायम.

आता प्रत्येक स्ट्रोकला दोन प्रश्न विचारले जातात. पट्टीचं तोंड कापलं गेल्यावर, फीड सुरू व्हायच्या आधी, प्रॉक्सी बंद झाला का? आणि फीड झाल्यावर चालू झाला का? बंद झालाच नाही तरी फॉल्ट. नट चिकटवा, टेप लावा, तार पॅनेलमध्ये ‘शॉर्ट’ करा, पहिल्याच स्ट्रोकला प्रेस थांबतो. लोखंडाचा चुरा तेलात मिसळून तोंडावर साचला आणि प्रॉक्सी अडकून राहिला तरी तसंच. प्रोग्रॅममध्ये दोन-तीन ओळी वाढल्या. पूर्ण दीड महिन्यातलं सगळ्यात स्वस्त काम हे, आणि सगळ्यात शेवटी सुचलेलं.

फॉल्टचे संदेशही वेगळे केले. आधी सगळ्याला ‘मिसफीड’ यायचं. आता ‘पट्टी आली नाही’ आणि ‘सेन्सर अडकला’ असे दोन येतात, मराठीत. ऑपरेटर पट्टी बघायला जायचं की कापड घेऊन प्रॉक्सी पुसायला, हे उठतानाच ठरवतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट. ‘असायलाच हवं’ अशी तपासणी असेल तर नॉर्मली ओपन (धातू दिसल्यावरच सिग्नल देणारा) प्रॉक्सी घ्या, म्हणजे केबल तुटली की ‘नाही’ असं उत्तर येतं आणि प्रेस थांबतो. ‘असता कामा नये’ अशी असेल, म्हणजे पट्टी फुगून वर आलीय का वगैरे, तर नॉर्मली क्लोज्ड (धातू नसताना सिग्नल देणारा) घ्या. उलटं केलंत तर तुटलेली केबल सगळं आलबेल आहे असं सांगत राहील.

माझे मामा इचलकरंजीत मागावर होते. आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा तो नाही हे ओळखायचा आणि माग आपोआप थांबायचा. ना वीज, ना पीएलसी. तो काटा दर फेऱ्याला धागा चाचपून बघायचा, एकदा बघून विश्वास ठेवायचा नाही. मला हे त्या प्रोग्रॅमच्या ओळी लिहिताना आठवलं.

पार्ट पडला, पण दिसला नाही

मिसफीड आटोक्यात आल्यावर दुसरा डोकं वर काढतो तो ‘पार्ट आउट’ फॉल्ट. पार्ट च्यूटमधून खाली पडतो, ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडतो, आणि तरी पीएलसी म्हणतो पडला नाही.

पार्ट ३०० मिमी उंचीवरून सरळ पडला तर सेन्सरसमोरून जाताना त्याचा वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर असतो. पार्ट २० मिमीचा असेल तर तो सेन्सरसमोर असतो फक्त ८ मिलिसेकंद. तुमच्या पीएलसीचा एक फेरा १०-१५ मिलिसेकंदांचा असेल तर तो नेमका त्या ८ मध्ये बघेलच असं नाही. वर इनपुट कार्डाचा स्वतःचा फिल्टर असतो, तो छोटे झटके गाळण्यासाठीच ठेवलेला असतो. म्हणजे फॉल्ट कधी येतो, कधी नाही, आणि प्रॉक्सी बदलून काहीच होत नाही.

उपाय दोन. आउटपुट थोडा वेळ धरून ठेवणारा, ऑफ-डिले असलेला सेन्सर घ्या. नाहीतर सिग्नल हायस्पीड इनपुटला द्या. आम्ही पहिला घेतला, ५० मिलिसेकंदांवर लावला. डिले एका स्ट्रोकच्या वेळेपेक्षा बराच कमी ठेवा, नाहीतर अडकलेला पार्टही पडल्यासारखा दिसेल.

स्लग वर येण्याचा त्रास असेल, म्हणजे पंचाला चिकटून भोकाचा तुकडा परत डायवर येत असेल, तर तो प्रॉक्सीने पकडायच्या आधी थांबवा. क्लिअरन्स जास्त झालाय का, पंच चुंबकीय झालाय का, तेल जास्त घट्ट आहे का ते बघा, पंचात स्प्रिंगची पिन बसवा. पकडायचंच असेल तर स्ट्रिपरवर (पंचावरून पट्टी सोडवणाऱ्या पाटावर) दोन बाजूंना ॲनालॉग इंडक्टिव्ह सेन्सर लावून रॅम सर्वात खाली असताना अंतर बघतात. मध्ये तुकडा असला की स्ट्रिपर तेवढा वर राहतो.

वेल्डिंग फिक्स्चरवरच्या प्रॉक्सींची रड वेगळी. तिथे साधा प्रॉक्सी स्पॅटरने (वितळलेल्या धातूच्या शिंतोड्यांनी) भरतो किंवा स्पॉट वेल्डिंगच्या हजारो अँपिअर प्रवाहाच्या क्षेत्राने फसतो. तिथे वेल्ड-फील्ड इम्यून, तोंडावर टेफ्लॉनचा लेप असलेला घ्या, आणि शक्य असेल तर प्रॉक्सी ठिणगीपासून लांब नेऊन मध्ये एक स्प्रिंगचा दट्ट्या ठेवा. पार्ट दट्ट्याला दाबेल, प्रॉक्सी दट्ट्याला बघेल. शिंतोडे दट्ट्यावर. तो स्वस्तात होतो.

एक गोष्ट या सगळ्यात मिसळू नका. हे सेन्सर टूल वाचवतात, हात नाही. हातासाठी लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) आणि दोन्ही हातांची बटणं वेगळी, त्यांची वायरिंग वेगळी, आणि ती साध्या पीएलसीच्या प्रोग्रॅमवर सोडायची नसतात. ‘प्रॉक्सी लावलाय, आता गार्ड काढला तरी चालेल’ हे वाक्य मी दोन वेगवेगळ्या शॉपमध्ये ऐकलंय.

सध्याची स्थिती: मिसफीड आठवड्यातून एखादा, तोही बहुतेक खरा. पण मंगळवारी ‘सेन्सर अडकला’ दोनदा आला आणि प्रॉक्सीचं तोंड स्वच्छ होतं. ऑपरेटरचं म्हणणं, क्लच व्हॉल्व्ह उचलला की त्याच क्षणी येतो. प्रॉक्सी आणि व्हॉल्व्ह एकाच २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर आहेत, आणि व्हॉल्व्हच्या कॉइलवर (व्होल्टेजचा झटका शोषणारा) डायोड आहे की नाही हे मला आठवत नाही. परवा गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी. पॅनेल उघडून बघतो. नट मात्र ऑपरेटरने जपून ठेवलाय, टेपसकट, पॅनेलच्या दाराच्या आत दोऱ्याने बांधून.